भिंत की विणलेली पिशवी?



'जीवाणूला पेशीभित्तिका असते' हे वाक्य शिकवत असताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, भोवती भिंत असेल तर आतला जीवाणू वाढतो कसा?" प्रश्न विज्ञानाचा होता, अडचण मात्र शब्दाने निर्माण केली होती.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय घ्या. आकार दंडगोल, लांबी सुमारे 2 मायक्रोमीटर. भरपूर अन्न मिळाले तर वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. त्यासाठी तो लांबीने वाढतो. जाडी जवळजवळ तीच राहते. शिवाय पाणी सतत आत शिरू पाहते, त्याचा दाब आतून असतोच. फुटायचे नाही, आकार सोडायचा नाही आणि वाढायचेही, अशी ही कसरत आहे.

ती साधते, कारण ही भित्तिका विटांची नाही. ती एक जाळी आहे: शर्करेचे लांब धागे आणि त्यांना जोडणारे अमिनो आम्लांचे छोटे टाके. 1964 मध्ये वायडेल आणि पेल्झर या संशोधकांनी तिचे वर्णन पिशवीच्या आकाराचा महारेणू असे केले. आतला सारा ऐवज काढून टाकला तरी रिकामी पिशवी आपला आकार राखते. वाढताना काही विकरे जुने टाके उसवतात, काही नवे धागे ओवून टाके घालतात. एमआरईबी नावाच्या प्रथिनाचे तंतू या कामाला दिशा देतात. नवी वीण पेशीच्या बाजूंना, परिघाभोवती पडत जाते. म्हणून पेशी लांबते, फुगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात लोकरीची पिशवी नेली. ती पाहून त्याच मुलीने विचारले, "उसवणे चालू राहिले आणि टाके घालणे थांबले तर?"

पेनिसिलिन नेमके हेच करते. टाके घालणारी विकरे ते अडवते. उसवणे चालूच राहते. जाळी विरते आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. म्हणूनच ते वाढत्या जीवाणूंवर चालते, वाढ थांबवून बसलेल्यांवर फारसे नाही. आपल्या पेशींना ही जाळीच नाही, म्हणून त्यांना या माऱ्याची झळ लागत नाही. 'भिंत' एवढेच मनात धरले, तर औषध भिंत फोडते असे वाटते. खरे तर ते फोडत काहीच नाही. ते दुरुस्ती थांबवते.

परिभाषा बदला, असे माझे म्हणणे नाही. परीक्षेत 'पेशीभित्तिका' लिहावेच लागेल. पण वीण, टाका, उसवणे, विरणे हे शब्द मुले घरूनच घेऊन येतात. पारिभाषिक शब्द फळ्यावर लिहिण्याआधी हे शब्द वर्गात येऊ द्या. त्या मुलीने पेनिसिलिनचे नाव ऐकण्याआधीच त्याचे कार्य ओळखले, ते या घरच्या शब्दांच्या बळावर.