आपल्या गल्लीतील मांजर आणि कॅमेरा



वसंत ऋतूतील या व्यासपीठावर आपण संतवाङ्मय, इतिहास, शेती आणि सहकार अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकत आला आहात. त्या पंक्तीत मांजराचे फोटो हा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. मांजराला आपल्या भाषेने फारसा मान दिलेलाच नाही. ते आडवे गेले तर काम होत नाही. ते डोळे मिटून दूध पिते, म्हणून ढोंग्याला त्याची उपमा. ते भिजले, तर भेदरलेल्या माणसाला त्याची उपमा. मान मिळाला तो वाघाची मावशी म्हणून आणि षष्ठीदेवीचे वाहन म्हणून. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते, हा धाक मात्र आपल्या आजीने घालून ठेवला, आणि त्या धाकाने कित्येक मांजरांचे प्राण वाचले असतील.

आम्ही गेली काही वर्षे सकाळ-संध्याकाळ कॅमेरा घेऊन कोल्हापूरच्या पेठांतून हिंडतो आहोत. त्यातून आम्हांस एक गोष्ट उमगली. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकणे सोपे जाईल. मांजराचा चांगला फोटो हा वस्तुतः मांजराचा नसतोच. तो गल्लीचा असतो. आणि ती गल्ली आपल्या डोळ्यांदेखत बदलते आहे.

कोल्हापूरला मार्जारकुळातील प्राण्यांचे फोटो नवे नाहीत. संस्थानी काळात येथे चित्ते पाळीत आणि त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर नेत, काळविटांचा कळप दिसला की झापड काढून त्याला सोडीत. आपल्याकडील चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणविले जाऊ लागले. त्या चित्त्यांचे आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसांचे फोटो आजही पाहावयास मिळतात. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. पुढे सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आफ्रिकेतील नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडण्यात आले. म्हणजे दरबारच्या चित्त्याची नोंद राहिली. परंतु त्याच काळी त्याच शहरात सोप्यावरच्या धान्याच्या पोत्यावर बसून उंदरांवर नजर ठेवणाऱ्या मनीचा फोटो शोधू गेल्यास हाती काय लागेल? जे रोज दिसते त्याचा फोटो काढावा असे कोणाला सुचत नाही. ते नाहीसे झाल्यावर मात्र त्याची आठवण येते.

परदेशी मांजराकडे कॅमेरा वळला तो फार पूर्वी. इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे हॅरी पॉइंटर नावाचा छायाचित्रकार १८७० च्या सुमारास मांजरांना चहाच्या पेल्यांपुढे किंवा खेळण्यातल्या गाडीत बसवून त्यांचे फोटो काढी आणि खाली गमतीचा मजकूर छापी. लोकांना ते फार आवडत. उलट, फ्रान्समध्ये मारे या शास्त्रज्ञाने १८९४ साली, उंचावरून उलटे सोडलेले मांजर पायांवर कसे पडते हे एकामागून एक झरझर घेतलेल्या चित्रांनी दाखविले. एकाने मांजराचा विदूषक केला, दुसऱ्याने कोडे केले. दोघांच्याही चित्रांत मांजर आहे. मांजराचे घर मात्र नाही.

अलीकडच्या काळात तिसरी वाट निघाली आहे. जपानचे मित्सुआकी इवागो गावोगावच्या मांजरांमागे कॅमेरा घेऊन हिंडतात. इस्तंबूलच्या रस्त्यांवरील मांजरांवर जेदा तोरून या बाईंनी २०१६ साली एक अख्खा बोलपट केला. त्याच वर्षी हाँगकाँगमधील दुकानांतल्या मांजरांचे एक पुस्तक निघाले. मार्सेल हायनेन हे त्याचे छायाचित्रकार. सुकी मासळी, औषधी मुळ्या, कागदाचे गठ्ठे, आणि त्या सगळ्यांत मालकासारखे बसलेले मांजर! तिथे मांजर दुकानात असते ते हौसेखातर नव्हे, उंदीर मालाला तोंड लावतात म्हणून. मांजर माणसाजवळ आले तेच मुळी धान्याच्या कोठारातल्या उंदरांसाठी, असे संशोधक सांगतात. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. तेव्हा हा शेजार जुना आहे.

चीनमधील मोठ्या शहरांच्या जुन्या वस्त्यांत हेच दृश्य दिसते. बीजिंगच्या गल्ल्यांना हुतोंग म्हणतात, शांघायच्या वस्त्यांना लिलोंग. बैठी घरे, सामाईक चौक, दारात वाळत घातलेले कपडे, भिंतीला टेकवलेली सायकल, स्टुलांवर बसून बुद्धिबळाचा डाव मांडलेले म्हातारे, आणि स्टुलाखाली मांजर. गेल्या काही दशकांत अशा कितीतरी गल्ल्या पाडून तिथे उंच इमारती झाल्या. तेव्हा तिथल्या फोटोतले मांजर हे नुसते गोजिरवाणे जनावर राहिले नाही. दार, चौक, स्टूल आणि म्हातारे एका ठिकाणी होते, याचा ते पुरावा झाले.

आपण म्हणाल, कोल्हापुरात बसून चीनची गोष्ट कशाला? कारण हुतोंग म्हणजे आपला बोळच. उंबरा, पायरी, सोपा, मागचे परडे, उतरत्या कौलांना लागलेली शेजाऱ्याची कौले, ही मांजराची खरी मालमत्ता. माणसाच्या दृष्टीने घर एकाचे असते; मांजराच्या दृष्टीने सगळी आळी एक घर असते. पहाटे एका घरी दूध, दुपारी दुसऱ्याच्या माडीवर झोप, रात्री तिसऱ्याच्या परड्यात शिकार. तेव्हा मांजराच्या मागोमाग गेले, की कोणाचे दार कोणाला उघडे आहे हे आपोआप कळते.

हे आम्हांस एका आजीबाईंनी शिकविले. मंगळवार पेठेतल्या एका बोळात आम्ही पायरीवरच्या मांजरासमोर उकिडवे बसलो होतो. आजीबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अवो पावनं, मांजराचं काय फोटू काढतायसा? आमच्या नातीचा काढा की!" आम्ही नातीचा काढला. नात मांजराला उचलून उभी राहिली, मागे आजी, आजीच्या मागे दारावरचे तोरण. त्या दिवशीचा सर्वांत चांगला फोटो तोच. शेजारणीने सांगितले, की ते मांजर त्यांचे नाहीच, समोरच्या घरचे; आणि त्यावर दोघींचा एक लहानसा वादही झाला. मांजर मध्ये नसते, तर त्या दारापुढे आम्हांस कोण उभे करणार होते?

दारातले जनावर घराची हकीकत सांगते, ही युक्ती कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटर यांनी याच गावात १९१८ साली स्वतः कॅमेरा तयार केला, आणि १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनात राहिले ते एका उदास झोपडीचे आणि तिच्यापाशी रडणाऱ्या कुत्र्याचे चित्र. आवाज नसलेल्या पटात ते कुत्रे ऐकू आले! भपका आणि पौराणिक देखावे यांच्या त्या काळात बाबूरावांनी झोपडीकडे कॅमेरा वळविला. आमचे म्हणणे इतकेच, की त्यांच्या गावात आपण उंबऱ्याकडे तो वळवावा.

आता थोडे कारागिरीविषयी. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा आहे, म्हणून हे सर्वांच्या कामाचे आहे. पहिली गोष्ट, खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत मांजर फरशीवरच्या डागासारखे दिसते. उंबऱ्याच्या उंचीवर डोळा आणला, की मांजरामागे सोपा, सोप्यामागे स्वयंपाकघर, असे घर आत आत उघडत जाते. दुसरी गोष्ट, उजेड. भर दुपारी बोळात अर्धी भिंत पांढरीफटक आणि अर्धी काळीकुट्ट होते. म्हणून सकाळचा किंवा कलत्या उन्हाचा वेळ निवडा. काळ्या मांजराला कॅमेरा करडे करून टाकतो, तेव्हा उजेड थोडा कमी घ्या. पांढऱ्याला मळकट करतो, तेव्हा थोडा वाढवा. तिसरी गोष्ट, फ्लॅश नको. मांजराच्या डोळ्यांत मागे उजेड परतविणारा एक थर असतो, त्यामुळे अंधारात त्याला थोड्या उजेडातही दिसते. पण फ्लॅशमध्ये तेच डोळे दिव्यासारखे पेटतात आणि मांजर भुतासारखे दिसते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, थांबा. मांजर घड्याळ पाळते. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार निघते, त्या वेळी आसपास कोण घुटमळते ते पाहा. आज जे मांजर ज्या कट्ट्यावर ज्या वेळी दिसले, ते उद्याही बहुधा तेथेच दिसेल. मागे धावणाऱ्याला शेपूट मिळते, बसून राहणाऱ्याला चेहरा मिळतो.

कारागिरीइतकीच रीतही हवी. उघडे दार म्हणजे परवानगी नव्हे. घरातल्या माणसांना विचारावे, आणि काढलेला फोटो त्यांना नेऊन द्यावा. व्यालेल्या मांजरीच्या पिलांना हात लावू नये. त्रास झाला तर ती पिले तोंडात धरून दुसरीकडे हलविते, आणि त्यात एखादे मागे राहते. फोटोसाठी कुत्रे अंगावर सोडणे हा तर क्रूरपणा आहे. नको झालेली पिले पोत्यात घालून मंडईत नेऊन सोडण्याची सवय आपल्याकडे आहे. त्यापेक्षा मांजरीची शस्त्रक्रिया करून घेणे हे दयेचे आणि शहाणपणाचे. ज्या गल्लीतल्या मुलांनी मांजराचे फोटो काढले, त्या गल्लीत मांजराला दगड कमी बसतात, असा आमचा अनुभव आहे. ज्याच्याकडे नीट पाहिले, त्याच्यावर हात उगारणे अवघड जाते.

शेवटी, मुळातला मुद्दा. जुने वाडे उतरत आहेत. त्या जागी इमारती उठतात, खाली वाहने, वर बंद दारे, दाराला पुन्हा लोखंडी जाळी. कोणी पक्के आणि कोरडे घर बांधले, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. गळक्या कौलांखाली पावसाळे काढणाऱ्याला विचारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा जुन्या भिंतींचे काय झाले हे आपण पाहिले आहे. पण बदल रोखता आला नाही, तरी त्याची नोंद ठेवता येते. चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराला उंबरा असला, तरी तिथे आळीतले मांजर येत नाही. आणि जिथे आळीतले मांजर येत नाही, तिथे आळीतले मूलही सहसा न विचारता येत नाही.

म्हणून आमची एक साधी विनंती आहे. प्रत्येक पेठेतल्या चार-दोन मुलांनी वर्षभर आपल्या बोळातल्या मांजरांचे फोटो काढावेत. प्रत्येक फोटोच्या मागे तारीख, पेठ, बोळ आणि दाराची खूण लिहावी. मांजराला नाव असेल तर तेही लिहावे. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबरच हरवतात, म्हणून निवडक फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि गल्लीतल्या तालमीत किंवा वाचनालयात ठेवावेत. खर्च थोडा आहे. पन्नास वर्षांनी कोणी ते उघडील, तेव्हा त्याला मांजर दिसेलच; पण त्याआधी त्याला दिसेल पायरी, पायरीवरची घागर, घागरीमागचा हात. आणि तो विचारील, हे घर कोणाचे? त्या प्रश्नाचे उत्तर फोटोच्या मागे लिहून ठेवणे आपल्या हाती आहे.