पाकीट आपणच उघडू या

आपल्या आजीच्या काळी गावात पोस्टमन आला की बायका दारातच त्याला थांबवायच्या. "बाबा, वाचून दाखव रे," म्हणायच्या. पोस्टमन भला माणूस, तो वाचायचा. पण घरातली गोष्ट चार कानांवर जायची ती जायचीच. आज आपण लिहितो, वाचतो, गटाचे रजिस्टर सांभाळतो. तरी एका बाबतीत आपण अजून पाकीट दुसऱ्याच्या हाती देतो. आज त्याबद्दल बोलू.

आमच्या गटाकडे एक जुना संगणक आहे. त्यावर विंडोज चालेना, म्हणून एका ताईच्या मुलाने त्यात उबुंटू टाकून दिले. उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये युनिक्स तयार झाले. त्याच धर्तीवर १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतले. ते फुकट मिळते आणि त्याचे हलके प्रकार जुन्या मशीनवरही चालतात. केरळच्या सरकारी शाळांत मुले यावरच शिकतात. म्हणजे हे काही कमअस्सल नाही.

पण झाले काय, कर्जाच्या अर्जाचा नमुना ईमेलवर आला, वर्डच्या फाईलमध्ये. क्लिक केले तर ती उघडेचना. सगळ्या म्हणाल्या, "मशीनच खराब आहे." मग पेन ड्राइव्ह घेऊन बाजारातल्या एका दुकानात गेलो. त्याने फाईल उघडली, भरली, छापली. पैसे दिले ते दिलेच, पण आमच्या दहा जणींचे आधार क्रमांक आणि बँकेचे खाते क्रमांक त्याच्या मशीनवर राहिले. घरी आल्यावर हे लक्षात आले आणि मला रात्री झोप लागली नाही.

मशीन खराब नव्हतेच. ब्राउझर, म्हणजे आपण इंटरनेट पाहतो तो फायरफॉक्स, हा पोस्टमन आहे. पाकीट आणून देणे हे त्याचे काम. वर्डची फाईल वाचणे हे त्याचे काम नाही. वाचणारा वेगळा: लिबरऑफिस रायटर. हा २०१० पासून फुकट मिळतो आणि अनेक उबुंटूत आधीच असतो. 'डॉक' आणि 'डॉकएक्स', वर्डच्या दोन्ही प्रकारच्या फाईली तो उघडतो. पाकीट कोणाच्या हाती द्यायचे, हे पोस्टमनला एकदा सांगून ठेवायचे, बस.

आता वही-पेन घ्या, सांगते.

पहिले, मशीनला सांगा. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये वर्डची फाईल शोधा. तिच्यावर माऊसचे उजवे बटण दाबा आणि 'ओपन विथ' निवडा. यादीतून लिबरऑफिस रायटर घ्या. 'अशा फाईलसाठी नेहमी हेच वापरा' या अर्थाची खूण दिसेल, ती करा.

दुसरे, फायरफॉक्सला सांगा. नव्या फायरफॉक्समध्ये फाईल उतरली की वर बाणाच्या चिन्हाखाली तिचे नाव दिसते. त्या नावावर उजवे बटण दाबा आणि 'ऑलवेज ओपन सिमिलर फाइल्स' निवडा. जुना फायरफॉक्स असेल तर तो स्वतःच विचारतो: उघडू की जपून ठेवू? तिथे एक सावधगिरी हवी, ती आम्ही फटका खाऊन शिकलो.

जुन्या फायरफॉक्समध्ये फाईल थेट उघडली तर ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाते. आमच्या सचिव काकूंनी अशीच उघडून दोन तास बसून अर्ज भरला आणि नकळत त्याच फोल्डरमध्ये सेव्ह केला. सकाळी मशीन सुरू केले तर फोल्डर रिकामा! पुष्कळ लिनक्समध्ये मशीन पुन्हा सुरू झाले की तात्पुरता फोल्डर साफ होतो. अंगणात ठेवलेले धान्य रात्री घरात घ्यायचे असते, तसेच हे. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. अर्ज देवळीला पोचवायला एकच दिवस उरला होता. दोघींनी बसून पुन्हा भरला, तेव्हा कुठे वेळेत गेला.

म्हणून तिसरे. फाईल आधी जपून ठेवा, मग भरा. डॉक्युमेंट्समध्ये गटाच्या नावाचा फोल्डर करा. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये 'कुठे ठेवायचे ते दर वेळी विचार' अशी खूण आहे, ती करून ठेवा. भरलेली फाईल कार्यालयात पाठवायची असेल, तर सेव्ह करताना वर्डचाच प्रकार कायम ठेवा.

कधी फाईल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. घाबरू नका. ती फाईल कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट आपल्या मशीनवर नसतो. पाठवणाऱ्याला सांगा, युनिकोडमध्ये द्या, नाहीतर पीडीएफ द्या. असे मागायला लाजू नका. आणि ओळख नसलेल्याने पाठवलेली फाईल मात्र उघडूच नका.

मैत्रिणींनो, आपल्या गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेबाची नोंद. रजिस्टर आपण कोणा परक्याच्या घरी ठेवतो का? नाही ना. मग संगणकातला अर्ज, खात्याचे आकडे, सदस्यांची यादी हीसुद्धा नोंदच आहे. तीही आपल्याच हाती राहिली पाहिजे.

आम्ही एक नियम केला आहे. बैठकीच्या दिवशी माऊस एकटीच्या हाती राहत नाही. दर बैठकीत नवी बाई बसते, फाईल उतरवते, उघडते, जपून ठेवते. बाकीच्या मागे उभ्या राहून बघतात. परवा आमच्या सगळ्यात वयस्कर मावशींनी फाईल उघडली आणि म्हणाल्या, "अगं, एवढंच होतं का?"

हो मावशी, एवढंच होतं. तुमच्या पुढच्या बैठकीत करून बघा.