सामन्याच्या रात्रीचे जेवण

2 एप्रिल 2011 ची रात्र आपणांपैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दुपारी आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने पहिली तीन षटके निर्धाव टाकली, तरी श्रीलंकेच्या 274 धावा झाल्याच.

केडगावात आमच्या घरी टीव्हीपुढे आम्ही दोघे. दोघे कसले, मी एकटाच! सेहवाग बाद झाला तेव्हा ही पीठ मळत होती. सचिन गेला तेव्हा भाकरी थापत होती. "अहो, तुम्ही बसा, मी मागाहून जेवते," हे तिचे रोजचेच वाक्य.

त्या रात्री मात्र तिने भाकऱ्यांची दुरडी अन् पिठल्याची कढई बाहेरच आणली आणि स्वतःचेही ताट वाढून घेतले. बोलणे फारसे झाले नाही. कोहली बाद झाला तेव्हा दोघांचे घास हातातच राहिले. गंभीर 97 वर त्रिफळाबाद झाला तोवर उष्टे हात वाळून गेले. पण उठतो कोण? मग धोनीचा तो षटकार!

देशाने चषक 28 वर्षांनी जिंकला. आम्ही मात्र लग्नानंतर प्रथमच एका वेळी जेवलो, आणि तेही मी बोलावले म्हणून नव्हे, हे मला पुढे बोचत राहिले. तेव्हापासून तव्यावरची गरम भाकरी मी सोडली. सामना असो वा नसो, भाकरी थोडी निवते. पण पाने दोन मांडली जातात.