वृद्धांचें हृदय
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



हृदयविकार म्हटला कीं छातींत कळ, अशी सर्वांची समजूत असते. परंतु सत्तरी उलटलेल्या मनुष्यास कळ मुळींच न येतां हृदयाचा झटका येऊं शकतो. एकाएकीं धाप लागते, घेरी येते, बोलणें असंबद्ध होतें. आणि घरचीं माणसें ‘आतां वय झालें’ म्हणून स्वस्थ बसतात. आम्हां डॉक्टरांस या वाक्याची फार भीति वाटते.

१९३५ सालीं इंग्लंडांत आयझलवर्थ येथें डॉ. मार्जरी वॉरन यांच्या हातीं दरिद्राश्रमाच्या इस्पितळांतील ७१४ रोगी आले. पुष्कळ जण अंथरुणास खिळलेले होते. बाईंनीं प्रत्येकास नव्यानें तपासलें, उठविलें. कित्येक चालूं लागले.

म्हणून आम्ही नाडीबरोबर घरहि विचारतों. आजी रात्रीं उशा किती घेतात? एकीच्या तीन झाल्या, किंवा तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलें, तर अंगांत पाणी सांचत असावें. त्याच दिवशीं कळवा. मीठ दिवसाला पांच ग्रॅमांहून कमी हवें, आणि आपल्या ताटांत सुके बोंबील, लोणचें, पापड! पाणी उतरविणारी गोळी रात्रीं दिली, तर आजोबा अंधारांत उठतात, रक्तदाब उतरतो, आणि मोरीपाशीं पडून खुबा मोडतो. गोळी सकाळीं द्यावी का, हें डॉक्टरांस विचारा.

पत्नी गेलेला म्हातारा तर चहापावावर दिवस काढतो. त्याची भूक विकारानें गेली कीं दुःखानें, हें नळी लावून कळत नाहीं. तेव्हां दवाखान्यांत येतांना गोळ्यांची पिशवी आणि त्याला जेवूं घालणारें माणूस, दोन्ही बरोबर आणावीं.