निर्बंधांचे आयुष्य

आर्थिक निर्बंध किती कडक आहेत यावरून ते किती टिकतील हे सांगता येत नाही. पैसा अडवणे, माल अडवणे आणि तंत्रज्ञान अडवणे हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे आयुष्य वेगळे असते. निर्बंध लादणाऱ्याच्या स्वतःच्या घरात त्यांची झळ कोणाला बसते आणि ते उठवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, या दोन गोष्टींवर ते आयुष्य ठरते. महाराष्ट्राला आणि गोव्याला या तिन्ही प्रकारांचा अनुभव आहे.

पैशाच्या निर्बंधांची दहशत सर्वांत मोठी, पण तेच सर्वांत लवकर सैलावतात. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि अणुचाचणी करणाऱ्या देशावर निर्बंध घालणारी अमेरिकी कायद्यातली ग्लेन दुरुस्ती लागू झाली. सरकारी मदत, निर्यातीची कर्जहमी, अमेरिकी बँकांची भारत सरकारला मिळणारी कर्जे थांबली. जपाननेही नवी येन-कर्जे रोखली. पहिली फट मात्र दोनच महिन्यांत पडली, आणि ती पाडली अमेरिकेतल्याच गहू पिकवणाऱ्यांनी. त्याच मे महिन्यात चाचण्या करणारा पाकिस्तान हा त्यांचा मोठा गिऱ्हाईक होता. तो हातचा जाणार हे दिसताच त्यांनी जोर लावला आणि जुलैमध्ये शेतमालाची कर्जहमी निर्बंधांतून वगळणारा कायदा झाला. इकडे ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बाँड काढून अनिवासी भारतीयांकडून चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. कर्ज देणाऱ्याचेही नुकसान होत होते आणि कर्ज घेणाऱ्याला दुसरी वाट सापडली होती. २२ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी हे निर्बंध उठवले.

माल अडवण्याची गोष्ट निराळी आहे. १९५५ साली भारताने पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी रेल्वे बंद पडली आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांना घरी पैसे पाठवणे अशक्य झाले. लिस्बनने मात्र समुद्राची वाट धरली. तांदूळ पाकिस्तानातून आणि बटाटे हॉलंडहून येऊ लागले, दाबोळीला विमानतळ झाला. गोव्याचे लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनी विकत घेत होते, त्यामुळे परकीय चलनाची ददात नव्हती. भारतात या नाकेबंदीने कोणाचा मोठा धंदा बुडत नव्हता, म्हणून ती उठवण्याची घाईही कोणाला नव्हती. जाच सोसला तो मुंबईच्या पैशावर चूल पेटणाऱ्या कुटुंबांनी; ज्या सरकारला नमवायचे होते ते जागचे हलले नाही. नाकेबंदी सहा वर्षे रेंगाळली आणि अखेर डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईनेच गोवा मुक्त झाला.

माल मोकळा पण पैशाची वाट बंद, असाही एक मिश्र प्रकार आहे. पळसदेव, इंदापूर, बारामतीच्या ऊसपट्ट्याने तो समजून घ्यायला हवा, कारण साखरेला त्याची झळ बसू शकते. इराणला अन्न विकण्यास अमेरिकेच्या निर्बंधांत सूट आहे. तरीही दंडाच्या भीतीने बँका व्यवहाराला हात लावत नाहीत. २०१२ पासून इराणी तेलाचे पैसे यूको बँकेत रुपयांत जमा होत आणि त्यातून भारतीय निर्यातदारांची देणी भागत. मे २०१९ मध्ये भारताने ते तेल घेणे थांबवले आणि खात्यातली शिल्लक आटत गेली. साखर, बासमती, चहा यांवर बंदी कधीच नव्हती. अडचण पैसे मिळण्याची होती. असा अप्रत्यक्ष निर्बंध कागदावर नसतो, म्हणून तो उठवण्याची मागणी तरी कोणाकडे करायची हा खरा प्रश्न आहे.

सर्वांत चिवट निर्बंध तंत्रज्ञानाचे. ते लादणाऱ्याला जवळजवळ काहीच मोजावे लागत नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राला इंधन पुरवण्याचा करार अमेरिकेने १९६३ मध्ये केला होता. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेत १९७८ चा अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा आला आणि पुरवठा आटला. १९८२ नंतर फ्रान्सने, पुढे चीनने आणि रशियाने इंधन दिले. अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली ती सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे चाचणीनंतर चौतीस वर्षांनी. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र अमेरिकेच्या निर्बंध-यादीतून निघायला तर जानेवारी २०२५ उजाडले.

पुण्यानेही हा नकार पाहिला. अमेरिका महासंगणक देण्यास तयार नव्हती, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. अडवलेली वस्तू समोरच्याने स्वतः घडवली की ती अडवण्यात अर्थ उरत नाही. तंत्रज्ञानाचे निर्बंध बहुधा तेव्हाच ढिले होतात, आणि म्हणूनच ते इतके लांबतात.

काही निर्बंधांची मुदत आधीच ठरलेली असते. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि रशियाच्या ग्लावकॉसमॉस संस्थेवर क्रायोजेनिक इंजिनाच्या व्यवहारावरून दोन वर्षांचे निर्बंध घातले. ते मुदतीप्रमाणे संपले. पण दरम्यान, १९९३ मध्ये, रशियाने तंत्रज्ञान देण्यातून माघार घेतली होती. तयार इंजिने मिळाली, ती बनवण्याची विद्या मिळाली नाही. भारताने स्वतः बनवलेल्या क्रायोजेनिक इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण ५ जानेवारी २०१४ रोजी झाले.