मंदिराचा आवाज कोणाच्या हाती द्यावा?

(जीर्णोद्धार समिती व ग्रामस्थ यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



दगडाचे काम कोणाला द्यावे, कळस कोणी घडवावा, यावर आपण रात्र-रात्र बसतो. परंतु माईक, कर्णे आणि पडदा यांचा विषय निघाला की, ‘एखादा माईकवाला पाहा’ एवढ्यावर बैठक उठते. मंडळी, शिखर डोळ्यांना दिसते हे खरे. पण हरिपाठ, एकादशीचे कीर्तन, सप्ताह आणि काल्याचा प्रसंग हे सारे कानावाटेच माणसाच्या मनात जाते. म्हणून हे काम कोणाच्या हाती द्यायचे, याचा विचार कळसाच्या कामाइतकाच झाला पाहिजे.

आपल्या पूर्वजांना आवाजाची किंमत ठाऊक होती. शेजारच्या भीमाशंकरला जी मोठी घंटा आहे, ती पोर्तुगीज बनावटीची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयानंतर ती देवाला वाहिली गेली असे आपण परंपरेने ऐकत आलो आहोत. एका धर्माच्या मंदिरातला नाद दुसऱ्या धर्माच्या मंदिरात आला आणि तिथेही देवाचाच झाला. इतक्या लांबून घाट चढवून आणली, ती तिच्या नादाची किंमत जाणूनच असावी. आपणही वस्तू पारखूनच घ्यावी.

आता अडचण कोठे येते ते सांगतो. दगडी भिंती, फरशी आणि घुमट आवाज पीत नाहीत, परतवतात. विजापूरचा गोल घुमट पाहून आलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. महाराजांच्या तोंडून एक शब्द निघतो, तो घुमटावर आपटून परत येतो, तोवर पुढचा शब्द निघालेला असतो. दोन्ही मिसळले की कानी नुसता कल्लोळ पडतो. अशा वेळी आवाज वाढवला तर कल्लोळच वाढतो. शिवाय आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एक कर्णा जवळ आणि दुसरा तीस-चाळीस मीटरवर असला तर ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

लंडनच्या सेंट पॉल चर्चमध्ये हीच अडचण होती. प्रचंड घुमटाखाली प्रवचनाचा शब्द कळत नसे. १९५० च्या दशकाच्या आरंभी तेथे उभे, खांबासारखे ध्वनिवर्धक बसवले. ते आवाज घुमटाकडे न फेकता बसलेल्या माणसांच्या उंचीवर सोडतात. लांबच्या ध्वनिवर्धकांना आवाज क्षणभर उशिरा पोहोचेल अशी योजनाही केली, म्हणजे शब्दाला शब्द जुळतो. मोठ्या भोंग्यापेक्षा योग्य जागी लावलेले लहान ध्वनिवर्धक बरे, हा त्यातला धडा आपल्या सभामंडपालाही लागू आहे.

यावरून कंत्राटदाराची पहिली परीक्षा ठरते. जो दुकानात बसूनच ‘इतक्या वॅटची मशीन, इतके कर्णे’ असा आकडा सांगतो, त्याला नमस्कार करावा. जो मंदिरात येतो, टाळी वाजवून पाहतो, मंडपाची लांबी-रुंदी मोजतो, कीर्तनकार कोठे उभे राहतात, पखवाज व टाळकरी कोठे असतात, बायाबापड्या कोठे बसतात हे विचारतो, तोच आपला माणूस. माईक कर्ण्याच्या तोंडासमोर आला की शिट्टी वाजते, हे जागा ठरवतानाच टाळायचे असते. मागाहून बटणे फिरवून ते पुरते टळत नाही.

दुसरी गोष्ट, आपली गरज आपणच आधी कागदावर लिहावी. मंडपात किती माणसे बसतात, बाहेर किती, पडदा हवा असेल तर कशासाठी, वीज गेली तर किती वेळ चालले पाहिजे, एवढे लिहून तोच कागद तीन कंत्राटदारांना द्यावा. सातगाव पठारावर आपण बटाट्याचे बियाणे घेतानासुद्धा दोन-तीन ठिकाणी भाव आणि वाण पाहतो. भाव एकाच मालाचे असले तरच तुलना होते. म्हणून कोटेशनात वस्तूचे नाव, मॉडेल, वायरची जाडी, मजुरी, कर आणि वॉरंटी वेगवेगळी मागावी. पाकिटे बंद घ्यावीत आणि सर्वांसमक्ष फोडावीत. समितीतल्या कोणाचा भाऊबंद वा सोयरा कंत्राटदार असेल तर त्याने जरूर कोटेशन द्यावे. पण निर्णयाच्या वेळी त्या सभासदाने आपण होऊन बाहेर बसावे. हे गाव एकत्र राहण्यासाठी सांगतो. देवळाच्या कामावरून भावकीत पडलेली तेढ दोन-दोन पिढ्या राहते.

तिसरी गोष्ट, त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली कामे पाहून यावे. नवे काम सगळ्यांचेच चांगले वाजते. तेथील अध्यक्षांना भेटावेच, पण रोज मशीन चालू-बंद करणाऱ्या पुजाऱ्याला किंवा पोराला विचारावे: बिघाड झाला तर माणूस किती दिवसांत येतो? त्याचे उत्तर कोटेशनापेक्षा मोलाचे असते.

चौथी गोष्ट वेळेची. भिंतीतल्या वायरींच्या नळ्या गिलावा आणि फरशी होण्याआधीच टाकल्या पाहिजेत. नाहीतर नवी भिंत फोडावी लागते, किंवा जुन्या कोरीव दगडाला खिळे ठोकले जातात. जुन्या दगडाला भोक पाडायचे नाही, अशी अट करारात स्पष्ट असावी. अर्थिंग स्वतंत्र आणि तपासलेले असावे. ओल्या फरशीवर अनवाणी माणसे वावरतात, हे विसरू नये. पडदा दर्शनाच्या वाटेत किंवा देवाच्या दृष्टीसमोर येऊ नये.

आता कायद्याचे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. सरकार ठरवील त्या मोजक्या दिवशी, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, रात्री १२ पर्यंत सवलत मिळू शकते. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तेव्हा पहाटेच्या काकड्याला बाहेरचा कर्णा नको, आणि सप्ताहाच्या कीर्तनाची वेळ आधीच पोलीस ठाण्यात विचारून ठरवावी. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा, गावात कोणी आजारी असते, कोणाचे लेकरू नुकते निजलेले असते, कोणाचे पोर दहावीला बसलेले असते. देवाचा शब्द त्यांना जाचक वाटू नये. म्हणून आतले आणि बाहेरचे ध्वनिवर्धक वेगवेगळ्या बटणांवर असावेत, हे कंत्राटदाराला पहिल्याच दिवशी सांगावे.

पैशाविषयी सांगतो. देणगीदारांनी कष्टाचा पैसा दिला आहे. कोणी हजारो दिले, कोणी फूल ना फुलाची पाकळी दिली. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. थोडी ठरवताना, थोडी माल आल्यावर, थोडी काम झाल्यावर द्यावी, आणि दहावा हिस्सा एक सप्ताह नीट पार पडेपर्यंत राखून ठेवावा. बिले विश्वस्त संस्थेच्या नावाने घ्यावीत. आणि एखाद्या दात्याने प्रेमाने भलीमोठी मशीन देऊ केली, तर त्याला हात जोडून सांगावे की, ‘जे ठरले आहे त्यातलेच एक अंग आपण उचला.’

काम ताब्यात घेताना एक सोपी परीक्षा करावी. माईकवरून एकाने एकमेकांशी संबंध नसलेले पन्नास शब्द सावकाश वाचावेत. मंडपाच्या चारी कोपऱ्यांत, स्त्रियांच्या बाजूस आणि ओट्यावर बसलेल्यांनी ऐकू आले ते लिहावेत. ही परीक्षा रिकाम्या मंडपात एकदा आणि माणसे भरल्यावर एकदा करावी, कारण अंगावरचे कपडे आणि माणसे आवाज पितात, त्यामुळे भरल्या मंडपात घुमारा कमी होतो. जेथे शब्द चुकले तेथे काम अपुरे. मग वायरींचा नकाशा घ्यावा, बटणांवर मराठीत चिठ्ठ्या लावाव्यात आणि गावातल्या दोन तरुणांना मशीन चालवायला शिकवून घ्यावे.

मंडळी, सर्वांत मागे, खांबाला टेकून बसलेली एखादी थकलेली म्हातारी असते. तिला नीट दिसत नाही, पोथी वाचता येत नाही. तिच्यापर्यंत महाराजांचा शब्द शब्दासारखा पोहोचला, तर आपला पैसा सत्कारणी लागला असे समजावे. समितीने कंत्राटदार निवडताना तिची आठवण ठेवावी, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.