पेशीतलं टपाल आणि आपली पऱ्हाटी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर बजावलं आहे, "सर, जेवणाआधीचं भाषण आहे, सोपं ठेवा." मी अमरावतीत शिकलो आणि पुढे सगळी नोकरी अकोल्यात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे विषय सोपा करण्याची सवय आहे. थोडक्यात आटोपण्याची मात्र नाही. सांभाळून घ्या.

विषय असा आहे: पेशीत तयार झालेलं प्रथिन आपल्या जागी पोचतं कसं? "हे आता या वयात कशाला?" असं काही चेहऱ्यांवर मला दिसतंय. पण इथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी आजही वावर आहे आणि त्या वावरात पऱ्हाटी आहे. त्या पऱ्हाटीच्या पानापानात ही गोष्ट रोज घडते.

पेशीची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. मधे केंद्रक, शेंगदाण्यासारख्या तंतुकणिका, हिरवी हरितलवकं. नावं दिली, गुण मिळाले, विषय संपला. पण त्या आकृतीत एक प्रश्न लपलेला होता. पेशीतली बहुतेक प्रथिनं तयार होतात बाहेर, पेशीद्रवात, रायबोसोमवर. लागतात मात्र निरनिराळ्या ठिकाणी. माणसाच्या तंतुकणिकेजवळ स्वतःचा डीएनए आहे, पण त्यावरून फक्त १३ प्रथिनं बनतात. बाकीची हजाराच्या वर बाहेरून आणावी लागतात. हरितलवकाचंही तसंच. त्याची हजारो प्रथिनं बाहेरून येतात आणि तीही दुहेरी पटल ओलांडून. मग कोणी कुठे जायचं, हे सांगतो कोण?

गुंटर ब्लोबेल या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात याचं उत्तर दिलं आणि १९९९ साली त्याला नोबेल मिळालं. उत्तर असं की, पत्ता प्रथिनाच्या अंगावरच लिहिलेला असतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्या माळेतले काही मणी हाच पत्ता. तो वाचणारे पोस्टमन पेशीत हजर असतात.

आपला पिनकोड आठवा. अकोला ४४४००१, अमरावती ४४४६०१. सहा आकड्यांपैकी पाच सारखे. मधल्या एका शून्याचा सहा झाला की अकोल्याची पत्रिका अमरावतीला जाते आणि लग्न लागून गेल्यावर मिळते. पेशीतही हुबेहूब असंच होतं. १९८४ मध्ये माकडांत सापडणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनावर संशोधकांनी हे दाखवलं. त्याचा केंद्रकात जाण्याचा पत्ता अवघ्या सात अमिनो आम्लांचा निघाला. त्यातलं एक बदललं, तर सगळं प्रथिन केंद्रकाबाहेरच अडकून राहिलं. प्रथिनात दुसरा काही दोष नव्हता.

पत्ता चुकल्याने माणूस आजारीही पडतो. एका आनुवंशिक आजारात मूत्रपिंडात पुन्हापुन्हा खडे होतात, अगदी लहान मुलांनासुद्धा. त्यातल्या काही रुग्णांच्या यकृतात लागणारं विकर तयार होतं, कामही करू शकतं, पण पेरॉक्सिझोम नावाच्या खोलीत जायचं ते तंतुकणिकेत जाऊन बसतं. कामाचा माणूस आहे, पण दुसऱ्याच तालुक्यात रुजू झाला आहे.

प्रत्येक दाराची रीतही वेगळी. केंद्रकाच्या पटलात हजारो छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्राची चौकट जवळपास तीस प्रकारच्या प्रथिनांनी बांधलेली असते. लहानसहान रेणू तिथून सहज ये-जा करतात. मोठ्या प्रथिनाला मात्र वाटाड्या लागतो. तो पत्ता ओळखतो, हाताला धरून आत नेतो आणि आत गेल्यावर सोडून परत फिरतो. इथे प्रथिन घडी न मोडता, कपडेलत्ते घालून आत जातं.

हरितलवकाचं दार कडक. तिथे प्रथिनाला आधी घडी मोडावी लागते. सुईत दोरा ओवावा तसं ते दोन्ही पटलांतून टोकाकडून आत ओवलं जातं. आत पोचलं की पत्त्याचा तुकडा कापून टाकतात आणि मग प्रथिन आपली घडी घालतं.

केंद्रकाचा पत्ता मात्र कापत नाहीत. त्याचं कारण आपल्यासारख्या प्राण्यांच्या पेशीत नीट दिसतं. पेशी विभागते तेव्हा केंद्रकाचं पटल विरघळतं, आतली प्रथिनं बाहेर सांडतात आणि नवं केंद्रक झालं की त्यांना पुन्हा आत जावं लागतं. ज्याला परत यायचं आहे, त्याने पत्ता फाडून चालत नाही. स्नेहमेळाव्याला आलेल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

आता वावरात येऊ.

आपल्याकडे बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये बीजी-टू आलं. त्यात बोंडअळीला मारणारी दोन प्रथिनं आहेत. दोन्हींची जनुकं मातीतल्या जिवाणूची. पहिलं प्रथिन पेशीद्रवातच राहतं. दुसऱ्याच्या, म्हणजे क्राय-टू-एबीच्या टोकाला हरितलवकाचा पत्ता जोडलेला आहे. जिवाणूत हरितलवक नसतंच, तेव्हा हा पत्ता त्याच्याजवळ असणार कुठून? तो मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या इवल्याशा रोपाकडून उसना घेतला आहे. बीजी-टूची सरकी लावणाऱ्या प्रत्येकाने हा उसना पत्ता आपल्या हाताने जमिनीत पेरला आहे.

दुसरं उदाहरण अकोट तालुक्यातलं. १० जून २०१९ रोजी अकोली जहागीरमध्ये शेतकरी संघटनेने मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर लागवड केली. पोलीस केसेस झाल्या, चर्चा झडल्या. कोणी म्हणालं निंदणाचा खर्च वाचेल, कोणी म्हणालं जमिनीचं वाटोळं होईल. दोन्ही बाजूंनी मला बोलायला बोलावलं, तेव्हा मी एकच विचारत असे: हे झाड फवाऱ्यातून जगतं कसं, ते ठाऊक आहे का? ग्लायफोसेट हे तणनाशक झाडाच्या एका विकराला बंद पाडतं. त्या विकराचं काम हरितलवकात चालतं. त्याच्या जागी जिवाणूकडून आणलेलं, ग्लायफोसेटला न जुमानणारं विकर बसवलं आहे आणि तेही हरितलवकाचा पत्ता लावूनच. ते बाहेर पेशीद्रवात राहिलं असतं, तर जिथे काम अडलं होतं तिथे पोचलंच नसतं. हे समजल्यावर ज्याने त्याने आपलं मत करावं. माझा आग्रह क्रमाचा आहे, आधी समज आणि मग भांडण.

आता गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात काय केलं, ते इथे सांगण्याची गरज नाही. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं तर आत अळी. बीटीचं विष या अळीला चालेनासं झालं होतं. ही करामत तिला कशी साधली?

हे विष अळीच्या आतड्यातल्या पेशींवरच्या काही ठरावीक प्रथिनांना चिकटतं, पेशीला भोकं पाडतं आणि अळी मरते. कॅडहेरिन हे अशा प्रथिनांपैकी एक. ते पेशीच्या आत तयार होतं आणि पेशीच्याच टपालाने बाहेरच्या पटलावर पोचतं. आपल्या देशातल्या प्रतिकारक अळ्यांत या कॅडहेरिनचे संदेश तऱ्हेतऱ्हेने तुटलेले सापडले. चीनमधल्या अळीत तर आणखी नवल दिसलं. तिथे एका बदलामुळे कॅडहेरिन पटलावर पोचतच नाही, वाटेत आंतर्द्रव्यजालिकेतच अडकतं. विष दारापाशी येतं, पण कडीच नाही, मग वाजवणार काय? विषावर उतारा शोधण्याची अळीला गरजच पडली नाही. तिचं एक पार्सल पोचलं नाही आणि ती वाचली.

असा बदल एखाद्याच अळीत आपोआप होतो. त्याची फौज मात्र आपल्या शेतीच्या पद्धतीने तयार होते. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी यायची. ती किती जणांनी लावली, ते तुमचं तुम्हाला ठाऊक! त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळावेत आणि प्रतिकार पातळ व्हावा, हा त्या पुडीचा हेतू होता. वर आपण फरदड ठेवतो. गुलाबी अळीचा मुक्काम जवळपास कपाशीवरच असतो. जानेवारीनंतरही उभी पऱ्हाटी म्हणजे तिला बारमाही खानावळ. म्हणून गावी गेलात की भावाला, काकाला एवढं सांगा: डिसेंबरअखेर वावर मोकळं करा, फरदड घेऊ नका. प्रथिनाचं नाव सांगितलं नाही तरी चालेल.

शेवटी एक मागणं. आपल्या शाळेतली निम्मी मुलं आजही कास्तकारांची आहेत. बी कुठलं घ्यावं, हे उद्या तीच ठरवतील. त्यांनी पेशी फक्त भिंतीवरच्या तक्त्यात पाहू नये. हरितलवक पाहायला साधा सूक्ष्मदर्शकही पुरतो. हायड्रिलाचं एक पान काचपट्टीवर ठेवलं की हिरवे ठिपके पेशीत फिरताना स्पष्ट दिसतात. मेळाव्याच्या निधीतून शिल्लक उरणार आहे, असं खजिनदारांनी मघाशी चुकून बोलून दाखवलं. त्यातून प्रयोगशाळेला चार चांगले सूक्ष्मदर्शक द्यावेत, असा ठराव मी मांडतो. अनुमोदन जेवणाआधी द्या, नंतर कोणी जागं राहणार नाही.